एनोकचं डावं-उजवं

तुपेर्ना नूकला गेली, तर एनोकचा बारा कुत्र्यांचा फायदा. राहिली, तर शून्य. एवढं साधं गणित आमच्या गावात कुणालाही येत होतं.

बाप गेल्यापासून तुपेर्नाने हिवाळा एकटीने काढला होता. दिवसभर मासळीच्या कारखान्यात. त्याआधी आणि त्यानंतर बापाच्या बारा कुत्र्यांसाठी गोठलेले मासे कुऱ्हाडीने फोडायचे. हातांचा वास जात नव्हता, डोळ्यांतली झोपही. दक्षिणेला, राजधानी नूकमध्ये नोकरी ठरली होती, नळाला गरम पाणी येणारी खोलीही. पण आमची स्लेजची कुत्री कायद्याने तिकडे नेता येत नाहीत. इथे घ्यायला कुणी नसलं, की गोळी घालतात.

दोघांची गाठ पडली ती गोठलेल्या समुद्रावर. हिमनगाच्या आडून एनोकची सात कुत्री आली, तिची बारा त्यांच्यावर तुटून पडली आणि एकोणीस दोरांची एकच वेणी झाली. हातमोजे काढून दोघं गुंता सोडवत बसली.

"हा दोर तुझा," एनोक म्हणाला.

"ते माझं बोट आहे."

"इतकं गार? मग सोडायला वेळ लागेल..."

"चावट आहेस. कुत्री हवीत का तुला? पर्यटक उगाच हस्की म्हणतात त्यांना, ते सोड; गुणी आहेत."

"हवीत ना. साथीत माझी निम्मी गेली. पण त्यांना माझ्या आवाजाची सवय हवी — चार दिवस सोबत ये."

चाराचे अकरा झाले. एनोक हाक द्यायचा आणि स्लेज भलतीकडेच जायची. सगळ्यांच्या पुढे धावणारी म्हातारी पुतू मग मान वळवून तुपेर्नाकडे बघायची: हा कुठून आणलास?

बाराव्या दिवशी तुपेर्नाने स्लेज थांबवली.

"सहा वर्षांचा होतास तेव्हापासून कुत्री हाकतोस. आणि डावं-उजवं कळत नाही तुला?"

"कळतं."

"मग?"

तो चाबकाची गाठ सोडवत राहिला. गाठ नव्हतीच.

"तू गेलीस तर बारा मिळतात, राहिलीस तर एकही नाही. रोज मोजतो, तुपेर्ना... आणि रोज एकही नाही तेच बरं वाटतं."

"मी दमलेय रे. प्रेमात पडायलासुद्धा अंगात त्राण लागतं."

"मग तू झोप. मासे मी फोडतो."

त्याने हाक दिली — पहिल्यांदाच बरोबर. बाराही कुत्री झटक्यात गावाकडे वळली. रेनडिअरच्या कातड्यावर, त्याच्या पाठीला टेकून, तुपेर्ना खरंच झोपली.

शनिवारचं हेलिकॉप्टर तिची जागा रिकामी घेऊन गेलं. रविवारी ती नऊला उठली. बाहेर कुऱ्हाड चालू होती, तिच्या हाताशिवाय.

तर तिने गरम पाण्याची खोली दिली, एनोकने पहाटेची झोप. कुत्र्यांनी काहीच दिलं नाही. ती एकोणीसच्या एकोणीस अजून भुकेलीच आहेत.