विरघळायला दहा मिनिटं

बोरीढाण्याच्या अंगणवाडीत गवई सिस्टर भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. समोर अकरा आया, अकरा लेकरं आणि प्रत्येक लेकराच्या दंडावर नखाएवढी पारदर्शक पट्टी. सुई नाही, रडारड नाही. पट्टी रेशमाच्या प्रथिनाची. तिच्या खालच्या बाजूला केसाहून बारीक रेशमी काटे, आणि काट्यांत गोवरची लस. कातडीतला ओलावा लागला की काटे विरघळत, लस आत जाई. दहा मिनिटांचं काम. या पट्ट्यांना बर्फ लागत नसे, त्यामुळे चार वर्षांत सिस्टरांनी खांद्याला शीतपेटी लावली नव्हती. गुडघे मात्र दुखायचेच. चौतीस वर्षं मेळघाटातले चढ चढल्यावर ते दुसरं काय करणार?

बाहेर नवव्या दिवसाची झड लागली होती. भिंतींना ओल आली होती.

"ताई," आशा कार्यकर्ती फुलवंती बेठेकर हळूच म्हणाली, "वीस मिनिटं झाले. हे तर तसंच हाय."

सिस्टरांनी डोळे उघडले. जवळच्या लेकराची पट्टी चिमटीत धरली. ती अख्खी निघून आली. त्यांनी पेल्यात पाणी घेतलं आणि पट्टी आत टाकली. ती मेणकागदाच्या तुकड्यासारखी तरंगत राहिली.

शाळेमागच्या टेकडीवर फोन लागायचा. छत्री धरून सिस्टर तिथे उभ्या राहिल्या. पुण्याच्या प्रयोगशाळेत पट्ट्यांचं काम पाहणाऱ्या डॉ. मृदुला तांबे पहिल्याच घंटीला फोनवर आल्या.

"पाण्यातही विरघळत नाही? म्हणजे तिचे पदर बसलेत, सिस्टर."

"मला समजेल असं सांगा, मॅडम."

"प्रथिन म्हणजे एक लांबलचक साखळी. तिला आकार देतात ते हायड्रोजन बंध. एकेकटा बंध अगदी कमजोर, पण हजारोंनी असतात. आम्ही पट्टी बनवतो तेव्हा साखळ्या मोकळ्या असतात, कुठेकुठे स्प्रिंगसारख्या स्वतःभोवती वळलेल्या. म्हणजे एक कडी आपल्याच साखळीतल्या पुढच्या कडीला धरून असते. मधे पाणी सहज शिरतं. पण बरेच दिवस दमट हवा लागली, तर ते बंध सैल होतात. साखळ्या सरकतात, ताणून शेजारीशेजारी येतात आणि शेजारणीला धरतात. त्यांचा सपाट पदर होतो, पदरावर पदर बसतो. मग पाण्याला वाट नाही."

"म्हणजे लस मेली?"

"नाही ना! आत जिवंत असेल, पण कोंडलेली." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "हे व्हायला नको होतं. पन्नास पट्ट्यांची पिशवी सीलबंद असते, आत ओल शोषणारी पुडी असते. पिशव्या फाटक्या आल्या होत्या का? तसं असेल तर मला सगळी खेप आत्ताच थांबवावी लागेल. बारा जिल्ह्यांत गेलीय ती, आणि गोवर तर पसरतोय."

सिस्टरांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. पिशव्या धड होत्या. त्यांनीच त्या उपकेंद्रात कात्रीने कापल्या होत्या. एका पाड्यावर अकरा लेकरं, दुसऱ्यावर सतरा. तिथे जाऊन पिशवी फोडली की उरलेल्या पट्ट्या फुकट जायच्या. म्हणून महिन्याच्या सुरुवातीलाच त्यांनी सगळ्या पट्ट्या गावागणिक डब्यांत भरून ठेवल्या. सूचनेत 'जागेवरच उघडा' लिहिलं होतं. त्यांनी ते वाचलंही होतं. उन्हाळ्यात असं करून काही बिघडलं नव्हतं. आणि त्या थकल्या होत्या. निवृत्तीला सात महिने उरले होते.

'हो, फाटक्या होत्या' एवढं म्हटलं की पुरत होतं.

"पिशव्या मी फोडल्या, मॅडम," त्या म्हणाल्या. "खेप चांगली हाय. थांबवू नका. या महिन्यातली, चार पाड्यांवरची माझीच त्रेसष्ट लेकरं राहिली."

"मला हे वर कळवावं लागेल, सिस्टर."

"कळवा. आधी नवीन पिशव्या पाठवा."

पिशव्या तिसऱ्या दिवशी आल्या. अंगणवाडीतल्या लेकरांपासून सुरुवात करून सिस्टर आणि फुलवंती पुन्हा चार पाडे चढल्या. प्रत्येक ठिकाणी सिस्टर आधी हात जोडून सांगत, "मागची पट्टी माझ्या चुकीनं वाया गेली." कुणी नुसतं ऐकून घेतलं, कुणी दार लावून घेतलं. लावलेल्या दारांसमोर फुलवंती कोरकू बोलीत बोलत बसे, आणि सिस्टर ओट्यावर पाय पसरून वाट बघत.

शेवटच्या पाड्यावर सुगंती धिकार दारातच उभी होती. "मी तवाच सांगितलं होतं, पट्टी अंगणात गळून पडली म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही काय म्हणाल्या? म्हणे, तूच उपटली असशील."

"म्हणाले खरी. चुकलं माझं, बाई."

सुगंतीने बाजूला सरून वाट दिली. तिची धाकटी नुकतीच वर्षाची झालेली. सिस्टरांनी पिशवी तिच्यासमोरच फोडली, पट्टी लावली आणि या वेळी भिंतीला न टेकता जवळ बसून राहिल्या. चौथ्या मिनिटाला कडा धूसर झाल्या. नवव्या मिनिटाला दंडावर ओलसर डागाखेरीज काही उरलं नाही.

"गेली आत?" सुगंतीने विचारलं.

"गेली."

"मग हिचं काय?"

कोपऱ्यात गोधडीवर थोरली झोपली होती, चार वर्षांची. मागच्या फेरीत, आधी राहून गेलेला डोस म्हणून, तिलाही सिस्टरांनीच पट्टी लावली होती. कपाळाला हात लावताच चटका बसला. डोळे लालभडक, नाक वाहत होतं. गोवराचीच लक्षणं. फुलवंती गाडी बोलवायला, फोन लागेल अशा उंचवट्याकडे धावली. सिस्टरांनी पोरीचा दंड हातात घेतला. तिथे काहीच खूण नव्हती. त्या पट्टीचा न कोंडलेला एखादा काटा तरी विरघळला असेल का? अर्धीमुर्धी का होईना, लस हिच्या आत पोचली असेल का?

सुगंती उत्तराची वाट बघत त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.