बायजाबाईची गळसरी

चुलीत कोयत्याचं टोक लालभडक झालं होतं. बायजाबाईने सुनेच्या मानेवरचा पदर बाजूला सारला... आणि गोजरा ताडकन उठून उभी राहिली!

"आये, मी डाग घेनार नाय."

जासईत बायजाबाईला असं कुणी बोललं नव्हतं. मानेला गंडमाळेच्या गाठी उठल्या, की चार गावांची माणसं तिच्याच दारी येत. तिचा हात हलका, डाग अचूक, असा लौकिक! आणि आज तिच्याच घरात, तिच्याच सुनेने...

"उरनच्या डागदरांनी एक गाठ काढून तपासली," गोजरा म्हणाली. "क्षय हाय, पन गाठींचा. फोटोत छाती साफ हाय, माझ्यापासून कुनाला लागनार नाय. सुया आन् गोल्या घेतल्या की बरी व्हईन."

क्षय! त्या शब्दासरशी बायजाबाईचा हात आपल्या गळसरीकडे गेला. झोपतानाही न उतरणारी ती रुंद गळसरी चाचपत ती कडाडली, "डाग नको ना? मंग मागच्या पडवीत र्‍हा! ताट येगलं, तांब्या येगला... आन् पोरीला हात लावशील तर बघ!"

गोजराने नवऱ्याकडे पाहिलं. कळंबोलीला ट्रक हाकणारा धिप्पाड कमळाकर आईपुढे मात्र गोगलगाय! त्याने मान खाली घातली. गोजराचं काळीज चिरत गेलं. दोन वर्षांच्या केशरला उराशी धरायला हात शिवशिवले... पण तिने मनाशी पक्कं केलं. आज लेकीपासून दूर राहीन, पण तिच्या लग्नात उभी असेन! अंथरुणाची वळकटी उचलून ती पडवीत गेली.

रोज सकाळी उरणची एसटी गाठायची, सुई टोचून घ्यायची, परतून दुखऱ्या अंगाने शेतात राबायचं आणि दाराआडून लेकीचं बोबडं बोलणं ऐकत वेगळ्या ताटात जेवायचं... असा दीड महिना गेला. आणि घात झाला! कानाखालची गाठ उतरायची सोडून लिंबाएवढी फुगली.

"ऐक ना आयचं," कमळाकर पडवीत येऊन रडवेला झाला. "एक डाग घे... पाया पडतो तुज्या."

"डागदरांनी बघितलं. औषध चालू असताना बी कदी कदी फुगते, म्हनून गोली सोडायची नाय, म्हनाले. मी सोडनार नाय... तुमी मना सोडलं तरी!"

दुसऱ्या दिवशी एसटीच्या थांब्यावर कमळाकर तिच्याआधी येऊन उभा होता, दोन तिकिटांचे पैसे मुठीत धरून.

दीड वर्ष! सुया संपल्या, गोळ्या संपल्या, गाठी विरल्या. एका सकाळी डॉक्टरांनी मान चाचपून औषध बंद केलं. गोजरा घरी परतली, तेव्हा अंगणात शेजारच्या गावची वेणूबाई आठ वर्षांच्या लेकीला घेऊन बसली होती. पोरीच्या मानेवर तशाच गाठी, आणि चुलीत कोयता!

पोर हंबरडा फोडत होती. बायजाबाईने कोयता उचलला आणि मान वर केली, तर समोर सून. पदर खांद्यावर, मान स्वच्छ.

बायजाबाईने कोयता बादलीत बुडवला. मग तिने गळसरीचा फासा काढला. खाली सुरकुतलेले तीन डाग!

"मी एवडीच व्हतू गं! मना तीन डाग दिले, धाकल्या बहिनीला, यशोदाला, चार... मी जगले, ती गेली. आय म्हनाली, डागानं वाचलीस तू. ते खोटं मानलं, तर माजी यशोदा फुकटच भाजली ना! म्हनून जल्मभर मी डागच देत आले... तुला बी..."

गोजराने धावत जाऊन सासूला मिठी मारली. दोघींच्या आसवांना खळ राहिला नाही! अखेर बायजाबाईने डोळे पुसले. "येनू, उद्या हिला उरनला न्यायचं. गोजरा येईल संगती. मी बी येते."

त्या दुपारी बायजाबाईने पडवीतलं वेगळं ताट आत आणलं. भात वाढला, कालवला, पहिला घास स्वतः खाल्ला आणि केशरला उचलून गोजराच्या मांडीवर बसवलं.