घरी आणणारी तलवार

भेटीची वेळ झाली तशी धाकटी नेहमीसारखी पिशवी घेऊन निघाली. पिशवीत धुतलेली चादर, चहाचा थर्मास आणि वीस बाजूंचा एक फासा. चादर नि चहा वहिनीसाठी, फासा दादासाठी.

दादा शिडीवरून पडला होता आणि तेव्हापासून त्याने डोळे उघडले नव्हते. "बोलत राहा त्यांच्याशी, काहीही बोला," डॉक्टर म्हणाले होते. दुसरी एखादी बहीण घरच्या गप्पा मारत बसली असती. धाकटीने तलवारी सांगायला घेतल्या.

त्याला कारण होतं. दर सुट्टीला दादाच्या जेवणाच्या टेबलाभोवती मित्रमंडळी जमायची. धाकटी गोष्ट रचायची, बाकीचे त्या गोष्टीतले शूरवीर व्हायचे, आणि वार बसला की हुकला ते फासा ठरवायचा. शूरवीरांना जादूच्या तलवारी धाकटीच द्यायची, आणि एकेक तलवार म्हणजे नमुना! एक शत्रू जवळ आला की शिंकायची. पण मिरपूड दिसली तरी शिंकायची. एक इतकी लाजरी, की कुणी बघत असेल तर म्यानातून बाहेरच येईना. दादाची लाडकी होती रुसकी. लढाईआधी तिची मनधरणी करावी लागे, आणि हा एवढा बाप्या माणूस खरोखर जमिनीवर गुडघे टेकून ती करायचा.

नियमही दादानेच घातलेला. प्रत्येक तलवारीला एक खोड हवीच. बिनखोडीची तलवार चालतच नाही. घेणाऱ्याने आधी 'घेतली' म्हणायचं, खोड मागाहून कळायची. आणि एकदा घेतली की घेतली.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते. त्यांच्याकडे चिटपाखरूही फिरकत नसे. पडद्याआडून ते तलवारी ऐकत, खुदुखुदु हसत, आणि धाकटी निघाली की म्हणत, "पोरी, मलाही एखादी दे की."

"उद्या नक्की, आजोबा," ती म्हणायची. घाईत असायची बिचारी.

आज पडदा बाजूला सारलेला होता. खाटेवर कोरी चादर ताणून बसवली होती.

"सकाळीच गेले," सिस्टर हळू आवाजात म्हणाली. "शेवटपर्यंत घरी न्या, घरी न्या म्हणत होते."

धाकटीला आपलं 'उद्या नक्की' आठवलं. पण वहिनीचा चेहरा बघितला आणि आजोबा मागे पडले. "ताप उतरत नाहीये," वहिनी म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, आता ह्यांनीच जोर धरायला हवा... नाहीतर..." ती तोंडावर पाणी मारायला बाहेर गेली.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. अचानक दिवे गेले. सिस्टर बॅटरी आणायला धावली आणि लांबलचक वॉर्ड काळाठिक्कर पडला. फिनेलचा वास एकदम दाट झाला. दादाचा श्वास तेवढा ऐकू येत होता. आत... बाहेर... मग बराच वेळ काहीच नाही.

धाकटी घाबरली. मरणाची घाबरली. तिने फासा दादाच्या तळव्यात ठेवला आणि त्याची बोटं त्यावर मिटली.

"दादा, नवीन तलवार आणलीय," ती कुजबुजली. "घरी आणणारी. माणूस कितीही लांब, कितीही अंधारात भरकटलेला असो... ही हातात धरली की अंधार कापडासारखा टरकन फाटतो, आणि समोर आपलं दार. घेतोस ना?"

काहीच नाही. नळाचं पाणी थेंब थेंब ठिबकत होतं. मग शेजारची खाट करकरली.

"घेतली..."

आवाज घोगरा होता. उशीकडून आला की शेजारून, तिला सांगता आलं नसतं. पण विचार करायला वेळ कुठे होता! खोड सांगायला हवी होती. बिनखोडीची तलवार चालत नाही. तिला रडू फुटलं आणि रडता रडताच दादाची सगळ्यात जुनी खोड आठवली. हा माणूस जन्मात कधी एकटा घरी आला नव्हता. रस्त्यात जो भेटेल त्याला जेवायला घेऊन यायचा, आणि वहिनी डोक्याला हात लावायची.

"खोड अशी," ती म्हणाली, "की ही तलवार एकट्याला आणत नाही. येताना सोबत आणखी कुणालातरी घेऊन येते."

दादाची बोटं उघडली. फासा फरशीवर पडला, टणटणत गेला आणि शेजारच्या खाटेखाली कुठेतरी थांबला.

दिवे आले. दादा टक्क उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत होता.

"खोड... झकास दिलीस," तो म्हणाला.

मग काय विचारता! वहिनी धावत आली आणि हसावं की रडावं ते न कळून तिने दोन्ही केलं. डॉक्टरांनी दोनदा ताप मोजला. सिस्टरने खाटेखालून फासा शोधला आणि जसाच्या तसा अलगद बाहेर सरकवला. वीस! सगळ्यात मोठं दान! धाकटीने अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या वॉर्डातले लोक दारात आले. जिंकलो होतो! खेळात कधी जिंकलो नाही असे जिंकलो होतो, असंच तिला वाटलं, आणि ते खरंच होतं.

दादा काठी टेकत घरी आला त्या सुट्टीला सगळी टोळी जमली. उंबऱ्यावर टाळ्या, शिट्ट्या, नुसता दंगा. दादा टेबलापाशी गेला आणि आधी आपल्या शेजारची एक रिकामी खुर्ची मागे ओढली.

"बसा, आजोबा," तो सहज म्हणाला.

सगळे खो खो हसले. दादाची थट्टाच ती! धाकटी हसली नाही. आजोबांबद्दल तिने त्याला अवाक्षर सांगितलं नव्हतं. टेबलाला फिनेलचा वास येत होता.

"चल, पहिली तलवार काढ," दादा म्हणाला.

"ही... ही तलवार ज्याच्या हातात जाईल, त्याला कुणी कधी विसरत नाही," धाकटी म्हणाली आणि वहिनीकडे वळली. वहिनीने तोंड उघडलंही नव्हतं.

"घेतली..." रिकाम्या खुर्चीतून आवाज आला. पाठोपाठ खुदुखुदु हसू.

सगळ्यांच्या माना त्या खुर्चीकडे वळल्या. दादा मात्र आनंदाने पुढे सरकला. त्याचे डोळे लुकलुकत होते.

"सांग की," तो म्हणाला. "खोड काय?"