तिसरा ठोका

पाटीवर हात ठेवण्याआधी उज्ज्वलाबाईंनी तळवा पदराला पुसला. मग एकदा पाहून पुन्हा पुसला.

"आई, घामाने तिला काही होत नाही," केतकी म्हणाली.

"तिला होत नसेल. परक्या माणसाच्या हातात हात द्यायचा, तो काय असा चिकट?"

शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ हसले. पुण्यातल्या त्या हॉटेलच्या सभागृहात सकाळी अकराला सत्तरएक माणसं जमली होती, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात वहीएवढी काळी स्पर्शपाटी होती. कुणी बोली लावली की त्याच्या बोटांचा दाब, बोटांची ऊब, दाबण्याआधीची चलबिचल, सगळं जसंच्या तसं इतरांच्या तळव्याखाली उमटायचं. माणूस या खोलीत असो की दूर नागपुरात आपल्या घरी, त्याचा हात इथे यायचा.

आठ वर्षांपूर्वी नाण्यांच्या लिलावावरचा विश्वासच उडाला होता. पडद्यावर आकडे चढायचे, पण चढवतंय कोण ते कळायचं नाही. लिलावगृहाचीच माणसं खोट्या नावांनी भाव वाढवतात, कधी नाणं विकणाराच आडून बोली लावतो, अशी कुजबुज होती. संग्राहक येईनासे झाले. मग ही पाटी आली. यंत्र आकडा सांगेल, पण यंत्राला घुटमळता येणार नाही, असं तिच्या कर्त्यांचं म्हणणं होतं.

ती पाटी यावी म्हणून भांडणाऱ्यांत केतकीचे वडील, मोरेश्वर करडे, सगळ्यांत पुढे होते. धंद्याने तांबट. मोडीत आलेलं तांबं मुशीत टाकण्याआधी ते चाळून बघायचे आणि त्यातल्या शिवराया बाजूला काढायचे. तसाच त्यांचा संग्रह झाला. पाटीच्या चाचण्या चालल्या होत्या तेव्हा ते दोन महिने रोज जाऊन हात देऊन आले होते. "माझा हात घ्या, पण लबाडी थांबवा," म्हणाले होते. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली होती.

आज मायलेकी आल्या होत्या त्या एकसष्टाव्या नगासाठी. एक तांब्याची शिवराई, कडेला मुशीत भाजल्याचा काळा डाग. मोरेश्वररावांनी आगीतून चिमट्याने ओढून काढलेलं त्यांचं पहिलं नाणं. केतकी नर्सिंगला गेली त्या वर्षी त्यांनी ते विकलं आणि घरी येऊन नुसतं म्हणाले, "गेलं चांगल्या घरी." केतकीला ते परत आणायचं होतं. सकाळी नाव नोंदवताना नियमाप्रमाणे तिने पाटीत आपली मर्यादा भरली होती, एक लाख ऐंशी हजार. त्यापुढे तिच्याकडे काहीच नव्हतं.

"नग एकसष्ट," लिलाव पुकारणारा म्हणाला. "चाळीस हजारांपासून."

केतकीने बोट दाबलं. लगेच दुसरा हात आला, जाड, उतावळा.

"हा घाईचा," उज्ज्वलाबाई पुटपुटल्या. "पानात वरण पडायच्या आत जेवून उठणारा."

मग एक गार, बारीक बोट. "बाई आहे. बोटात अंगठी घट्ट झालीय बिचारीच्या."

"आई, हळू."

साठ हजारांवर घाईचा गळला, सत्तरवर अंगठीवाली. केतकीने पंचाहत्तर लावले आणि श्वास सोडला. तेवढ्यात पडद्यावर सतरा क्रमांक उजळला आणि तळव्याखाली दोन हलके स्पर्श झाले. टक, टक. मग क्षणभर काहीच नाही. मग तिसरा, भरदार, खोल.

उज्ज्वलाबाई बोलायच्या थांबल्या.

तांबट आळीत त्या चाळीस वर्षं कारखान्याच्या वरच्या खोलीत राहिल्या होत्या. सकाळचा चहा त्या ठोक्यांवर उकळला, केतकी त्या ठोक्यांवर निजली. बाकीचे तांबट थेट घाव घालत. मोरेश्वरराव आधी हातोडी दोनदा पोकळ टेकवायचे आणि मगच तिसरा ठोका घालायचे. "भांड्याला विचारून मारावं," म्हणायचे. आळीत त्यांची त्यावरून थट्टा व्हायची.

"केतके," उज्ज्वलाबाई अगदी हळू म्हणाल्या, "लाव."

"आई, हे..."

"लाव ना गं. परत येऊ दे."

केतकीने ऐंशी लावले. टक, टक. मग तो थांबा, आणि तिसरा. करंगळीकडे किंचित कललेला, कारण त्या बोटाचं पेर लहानपणीच चेचलं होतं. केतकीने आईच्या तोंडाकडे पाहिलं. इतकं निवलेलं तोंड तिने चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

नव्वद. लाख. सव्वा लाख. प्रत्येक वेळी तो हात आला.

"आई, बाबा ऐंशी हजारांवर कधी गेले नाहीत. हात काढून घ्यायचे आणि चहा प्यायला उठायचे."

"माहितीये मला."

"मग हे बाबा नाहीत."

"हात त्यांचा आहे."

"हात त्यांचाच आहे! चाचण्यांना दिला होता, साठवून ठेवला असणार यांनी. आता त्या हातात कोणीतरी आपला आकडा घालतंय. आई, आपली मर्यादा यांना सकाळपासून ठाऊक आहे. तिथपर्यंत आपल्याला नेतील आणि सोडतील."

उज्ज्वलाबाईंनी तळवा उचलला नाही.

केतकीने दीड लाखावर पाटीच्या कोपऱ्यातली लाल कळ दाबली. हरकत. पुकारणारा मधेच थांबला, सभागृहात कुजबुज उठली, आणि सरकारने नेमलेली निरीक्षक, अवंती थोरवे नावाची पस्तिशीची बाई, हातात तपासणीचा पडदा घेऊन त्यांच्या रांगेत येऊन बसली.

"सतरा क्रमांकाचा हात माझ्या वडिलांचा आहे," केतकी म्हणाली. "मोरेश्वर करडे. ते वारलेत."

थोरवेंनी पडद्यावर बोट फिरवलं. "ठसा त्यांचाच आहे. पण नोंदीत ते हयात आहेत, ताई. सभासदत्व चालू आहे. दर वर्षी नूतनीकरण झालंय, प्रत्यक्ष येऊन, सहीनिशी." पडदा त्यांनी केतकीकडे वळवला. "उज्ज्वला मोरेश्वर करडे."

केतकी आईकडे वळली.

"सूचीपत्र यायचं ना गं," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "दर तीन महिन्यांनी. जाड पाकीट, वर त्यांचं पूर्ण नाव छापलेलं. पोस्टमन खालून हाक मारायचा, 'करडे मोरेश्वर!' मी म्हणायची, 'आले, आले.' बंद केलं असतं तर ती हाक बंद झाली असती."

थोरवे पाटीकडे बघत राहिल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "हे काम लिलावगृहाचं असावं असा मलाही संशय आहे. पण संशय माझ्याकडे आहे, आणि सही तुमच्या आईची आहे. हरकत कायम ठेवलीत तर दोन गोष्टी होतील. मृताच्या नावे सभासदत्व चालू ठेवलं म्हणून चौकशी आधी यांची होईल. आणि ठसा कायमचा पुसला जाईल, सगळीकडून."

"पुसा," केतकी म्हणाली.

"थांब," आई म्हणाली.

"आई, आठवतं का तुला? त्या मुंबईच्या लिलावात तिथल्या माणसांनी बाबांना सांगितलं होतं, 'करडे, घेऊ नका, नुसता हात वर करत राहा, जाण्यायेण्याचा खर्च आमच्याकडे.' समोरचं पाणीसुद्धा न पिता बाबा उठून आले होते. आणि आज त्याच कामाला त्यांचा हात जुंपलाय. लोकांना फसवायला. आपल्याला फसवायला."

"आठवतं सगळं." उज्ज्वलाबाईंनी थोरवेंना विचारलं, "पुसायच्या आधी एकदा मिळेल का हो, हात?"

"नाही आजी. हरकत आली की नग गोठतो." थोरवे घुटमळल्या. "सांगू नये, पण या वर्षातली ही तिसरी हरकत. एका काकांना त्यांचा भाऊ लागला होता हाताला, एका बाईंना मुलगा. दोघांनीही मागे घेतली."

पुकारणाऱ्याने घसा खाकरला. वेळ संपत आली होती. केतकीने वडिलांचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, तो रागावलेला, मुंबईहून परत आलेला चेहरा. तिला हवा होता तो मिळेना. आईची बोटं तिच्या मनगटावर आली, जुनी, हलकी, आणि ती नुसती टेकून राहिली. ओढत नव्हती, सांगत नव्हती.

"मागे घेते," केतकी म्हणाली. बोलताना तिला स्वतःची लाज वाटली.

लिलाव पुढे सरकला. एक लाख साठ, आणि तो हात आला. सत्तर, आणि आला. दरवेळी उज्ज्वलाबाईंचे ओठ किंचित हलत होते, नवऱ्याला काहीतरी सांगत असल्यासारखे. केतकीने एक लाख ऐंशी लावले आणि पाटी गप्प झाली. एकवार, दोनवार, तीनवार. टाळ्या वाजल्या. पडद्यावर काळा डाग पडलेली शिवराई मोठी होऊन लकाकली.

उज्ज्वलाबाईंनी नाण्याकडे वर मान करून पाहिलंही नाही.

"ते का थांबले गं?" त्यांनी विचारलं. "तू आणखी लावलं असतंस, तर आले असते ना?" मग थोरवेंकडे वळून, देवळात पूजेची वेळ विचारावी तशा सहज, "पुढचा लिलाव कधी आहे हो?"

थोरवे केतकीकडे बघत होत्या, आणि केतकी सभागृहाकडे. बासष्टावा नग पुकारला गेला होता. रांगांमागून रांगा, तळवे पाटीवर टेकलेले, आणि कितीतरी माणसांचे डोळे मिटलेले. पडद्यावरच्या नाण्याकडे त्यांच्यातलं कुणीच बघत नव्हतं. शेजारच्या हसऱ्या गृहस्थांच्या मिटल्या पापण्यांखालून पाण्याची एक रेघ गालावर आली होती आणि ते पुन्हा बोट दाबत होते.

यांच्यातले नाणी घ्यायला नक्की कितीजण आले होते?