इस्तारीभाऊंचा उजवा कान

डिसेंबर २००४मध्ये कानतपासणीच्या शिबिरासाठी मी गोंडपिपरी तालुक्यातल्या एका तलावकाठच्या गावी गेले होते. माझ्या यंत्राला शांतता लागते, म्हणून सकाळी सातलाच शाळेची एक खोली उघडून घेतली. बाहेर दाट धुकं होतं. तलाव पन्नास पावलांवर, पण दिसत नव्हता. कुजलेल्या वेलींचा आणि चिखलाचा वास तेवढा आत येत होता.

पहिले आले इस्तारीभाऊ. साठीचे, सारं आयुष्य मासेमारीत गेलेलं. आठ वर्षांपूर्वी क्षयाच्या इंजेक्शनांनी त्यांचे दोन्ही कान गेले होते. सोबत त्यांची बायको ताराबाई. मुलगी जया डोंगा वल्हवत तलावात शिंगाडे काढायला गेली होती, नाहीतर तीच येणार होती म्हणे. मग ताराबाई खाली बघत म्हणाल्या, "मॅडम, बाजूले निजली का मले याच्या कानातून आवाज आयकू येते. मच्छरावानी. लोक हासतात."

मी हसले नाही. निरोगी कान नुसता ऐकत नाही. आतल्या शंखासारख्या नळीतल्या पेशी थरथरून बारीक आवाज मोठा करतात आणि ते करताना त्यातला कणभर उलटा बाहेर सांडतो. माझं यंत्र तोच पकडतं. पण त्या इंजेक्शनांनी मरतात त्या नेमक्या याच पेशी. मेलेल्या कानातून काही सांडत नाही.

डाव्या कानाची रेघ पडद्यावर सपाट आली. उजव्या कानात यंत्राचं टोक बसवलं आणि रेघेतून एक सुळका उभा राहिला. यंत्र कानात जी टिकटिक सोडतं ती मी बंद केली. सुळका हलला नाही. टोक बदललं. माझ्या स्वतःच्या कानावर तपासून पाहिलं. यंत्र ठीक होतं. शेवटी त्यांना खुणेनं विचारून मी त्यांच्या कानाला कान लावला.

चंद्रपुरात अब्बांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी वाढले. रिकाम्या स्टेशनांच्या सगळ्या शिट्ट्या मला ओळखू येतात. हा आवाज त्यांच्यातला नव्हता. ओल्या काचेवरून बोट फिरावं तसा बारीक, स्वच्छ. माझ्या अंगावर काटा आला, पण कान बाजूला घ्यावासा वाटेना.

ताराबाईंनी खुणेनं काहीतरी विचारलं. "मले काईच आयकू नाई येत," इस्तारीभाऊ म्हणाले. "पन पान्यात डोकं घातलं का मासोऱ्या जवळ येतात."

तेवढ्यात शेजारचा लटारू धापा टाकत दारात आला. जयाचा डोंगा काठाला लागला होता. रिकामा.

आम्ही धावलो. काठावरून लोक हाका मारत होते. जयाची एक ओ आली, पण धुक्यात ती चारी बाजूंनी आल्यासारखी वाटली. दुसरी आलीच नाही. पाणी बर्फासारखं, खाली पायात अडकणाऱ्या शिंगाड्याच्या वेली. गावातले दोघं तिच्या डोंग्यात चढले, पण डोंगा कुठे न्यायचा तेच कळेना. ताराबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

इस्तारीभाऊंनी सदरा काढला. छातीभर पाण्यात गेले, सगळ्यांना हातानं गप्प केलं आणि मान कलती करून उजवा कान पाण्यात ठेवला.

काठ शांत झाला.

आधी दोनचार मासे आले. मग पुष्कळ. त्यांच्या डोक्याभोवती गोल करून ते थांबले, सगळ्यांची तोंडं कानाकडे. एकही हलत नव्हता.

असा आवाज कुजबुजीहूनही कितीतरी बारीक असतो. तो वीतभरही जात नाही. हे मी शिकले आहे, शिकवते आहे. तरी मी श्वास धरून उभी होते.

माझ्या घड्याळात आठ मिनिटं गेली.

मग धुक्यातून एक डोकं पुढे आलं. जया पोहत होती. संथ, सरळ, डोळे मिटून. मासे बाजूला झाले. तिनं वडिलांचा खांदा धरला तेव्हाच त्यांनी मान वर केली, आणि मुलीला दोन्ही हातांनी उचलून काठावर आणलं.

शेकोटीपाशी ताराबाईंनी तिला घोंगडी गुंडाळली आणि चहा दिला. ओठांचा निळेपणा गेल्यावर मी तिला विचारलं, दिशा कशी कळली.

"कान पान्यात गेले का एक बारीक आवाज येत होता," ती म्हणाली. "तो धरून आली." चहाचा घोट घेऊन म्हणाली, "तसे दोन होते."

"दोन?"

"अगदी सारखे. एक दुरून, अन् एक माझ्या पायाखालून. लई जवळ."

मग दूरचाच कसा धरला, मी विचारलं.

जयानं पेला खाली ठेवला. "तो मधून मधून थकत होता, मॅडम. मानसावानी. खालचा एकदाही नाई थकला."