सयाजीच्या फटफटीचा दिवा

जरा सरकून बसा, आणि तो टॉर्च विझवा. भुताची गोष्ट पाहिजे ना? मग उजेड कशाला? तुमची भुतं मला ठाऊक आहेत, सिनेमातली, पावडर फासलेली. त्यांना बघून आमच्या वेळची म्हैससुद्धा हसली असती. ही गोष्ट येसाजी मिस्त्रीची. त्याला मी चांगला ओळखत होतो. ही हकीकत त्याने मला एकदाच सांगितली, मान खाली घालून. ज्याने उभ्या जन्मात कुणापुढे मान खाली घातली नाही, त्याने.

साल बासष्ट. पौष शुद्ध चतुर्थी, बुधवार. पुढच्या अमावास्येला आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार, म्हणून महाडात घरोघरी जप चालले होते. येसाजी त्यांना हसत होता. तसा तो सगळ्यांनाच हसायचा. पलटणीत बारा वर्षं मोटारींच्या वायरी जोडून आलेला माणूस. बाजारपेठेच्या टोकाला त्याचं पत्र्याचं दुकान होतं, आणि आपण सोडून तालुक्यात सगळी गाढवंच राहतात, असा त्याचा पक्का समज होता.

त्या संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "दोन पायली तांदूळ बांध. सयाजीचा उद्या दहावा हाय, त्याच्या घरी देऊन येतो."

राहीबाई बघतच राहिली. सख्ख्या चुलत्याच्या तेराव्याला न गेलेला नवरा आज तांदूळ घेऊन निघाला! तिने तांदूळ बांधले, वर नारळ ठेवला. येसाजीने पिशवी सायकलला अडकवली. तांदळाखाली पक्कड, पेचकस, कथलाची कांडी आणि डाख द्यायची सळई होती. ही हत्यारं त्याने बायकोच्या नकळत घातली होती.

आता हा सयाजी कोण? तर पोलादपूरच्या अलीकडच्या वाडीतला, मुंबईच्या गोदीत क्रेन चालवणारा. त्याने एका कारागिराला सांगून आपल्या मर्जीची फटफटी जोडून घेतली. सांगाडा लष्कराच्या मोडीतला, इंजिन भलत्याच गाडीचं, टाकी तिसरीची, आणि पुढचा दिवा चक्क ट्रकचा. वरून तांबडाभडक रंग. सुट्टीला घरी आला तो तिच्यावर बसून. वाडीला ते पुष्पक विमान वाटलं. येसाजीला ती बारा गावचं पाणी प्यायलेली भवानी वाटली, आणि ते त्याने सयाजीला तोंडावर सांगितलं.

आठ दिवसांत सयाजी तीनदा दुकानात आला. पहिल्यांदा, दिवा लावला की भोंगाच वाजायचा. येसाजीने एक वायर बदलली आणि दहा शिव्या दिल्या. दुसऱ्यांदा, रात्रीत बॅटरी उतरलेली. डायनमोचे ब्रश घासले, वीस शिव्या. तिसऱ्यांदा सयाजी काकुळतीला येऊन म्हणाला, "मिस्त्री, खड्डा आला का दिवा जातो. परत येतो. परत जातो. तुमी येकदा माज्यामागं बसून बघा ना, वढ्याच्या मोरीपतूर."

"मी बसू? ह्या उकिरड्यावर?" येसाजी म्हणाला.

त्याने दिव्याचा कटोरा उघडला. आत मुख्य वायर तुटली होती. तिथे कथील वितळवून डाख द्यायला हवा होता. पण शेगडी विझली होती, चहा आला होता, आणि समोर उभा होता तो सयाजी, कुणी साहेब नव्हे. येसाजीने दोन टोकं चिमटीत धरून पिळली आणि वर चिंधी गुंडाळली.

"जा. पक्कं केलंय. बापजाद्यांनी कंदिलावर बैल हाकले, आन् ह्याला ट्रकचा उजेड पायजे!"

सयाजीने वाकून नमस्कार केला. त्याच रात्री आईच्या दम्याचं औषध आणायला तो पोलादपूरला गेला. येताना मोरीच्या वळणावर फटफटीसकट खाली ओढ्यात पडला. पंचनाम्यात लिहिलं, वेग आवरला नाही. येसाजी म्हणाला, बरोबरच आहे, माकडाच्या हाती कोलीत.

आठव्या दिवशी मात्र त्याच्या कानावर आलं, की सयाजीचा भाऊ मुरारी दहाव्याला मुंबईहून येतोय आणि त्या कारागिरालाही आणतोय. कारागीर म्हणे पैजेला पेटलाय, "माझी गाडी दगा देणार नाही, दिवा उघडून दाखवतो." दिवा उघडला की चिंधी दिसणार. तालुक्यातला एकुलता एक शहाणा माणूस एका चिंधीने उघडा पडणार. म्हणून ते तांदूळ.

साडेआठला तो वाडीत पोचला. माजघरात, जिथे प्रेत ठेवलं होतं त्या जागी, मातीचा दिवा जळत होता. सयाजीची आई बनुबाई त्याच्याभोवती तांदळाचं पीठ चाळत होती. तिने ते तळहाताने सारखं केलं आणि वर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलं. रात्रीतून पिठावर ठसा उमटतो, आणि मेलेला कुठल्या जन्माला गेला ते सकाळी कळतं. आपलीच रीत आहे. तुम्हाला माहीत असायला हवी, पण तुम्हाला काय माहीत असतं!

"उंदीर फिरतो ओ पिठावर," येसाजी म्हणाला. "दुसरं काय नाय."

"उंदीर तर उंदीर," म्हातारी म्हणाली. "माजा ल्योक कुटं तरी हाय, येवडं तर कळंल."

सयाजीची बायको चंद्रभागा तांदूळ घ्यायला पुढे आली. "बरं झालं आलात, मिस्त्री. तुमचं लई नाव घ्यायचे. त्या राती मी म्हनलं, औषध सकाळी आना. तर म्हनले, येसाजी मिस्त्रींनी दिवा पक्का केलाय, आता रात काय न् दिवस काय."

येसाजी खोकला. म्हणाला, "मुरारी येतोय, तर गाडी जरा पुसून ठेवतो. थोडे निखारे द्या." निखारे कशाला, हे तिने विचारलं नाही. खापरात घालून आणून दिले, शेजारी कंदील ठेवला आणि आत गेली.

फटफटी पडवीत भिंतीला टेकून होती. पुढचं चाक वाकलेलं, टाकी चेपलेली. बॅटरी ओढ्यातच फुटली होती, तिची जागा रिकामी होती. दिव्याची काच तेवढी शाबूत. येसाजी बायका झोपायची वाट बघत बसला. चवथीची कोर डोंगराआड गेली. पावणेबाराला त्याने पेचकस काढला.

कटोरा उघडला. चिंधी सुटली होती. पीळ उलगडून दोन टोकं दोन बाजूंना गेली होती, मधे दोन बोटांचं अंतर. येसाजीने चिंधी ओढून निखाऱ्यांवर टाकली. ती जळली. तो हसला. झालं काम. आता नुसता डाख, की पुन्हा जन्मभर शहाणा.

त्याने सळई निखाऱ्यात खुपसली आणि दोन टोकं दोन हातांत धरली.

आणि दिवा लागला.

येसाजीने आधी शिवी दिली. कंदिलाचा उजेड पडला असेल काचेवर... त्याने कंदील फुंकला.

दिवा तसाच.

निखारे असतील... खापर पायाने मागे सारलं.

दिवा तसाच. पिवळा झोत समोरच्या भिंतीवर, माजघराच्या दारावर. बॅटरी नाही. इंजिन बंद. दोन टोकं त्याच्या दोन हातांत. मधे दोन बोटं रिकामी.

मग दिवा गेला.

परत आला.

खड्डा आल्यासारखा... गेला. परत आला.

सयाजी काकुळतीला येऊन जे सांगत होता, ते येसाजीने तेव्हा पहिल्यांदा बघितलं. गाडी जागची हलली नव्हती. चाक वाकलेलं. आणि दिवा रस्त्याने चालला होता. जात होता... येत होता... दारावरचा झोत हळूहळू डावीकडे सरकला. वळण असावं तसा.

मोरीचं वळण...

दिवा गेला.

येसाजी थांबला. आता येईल... आता...

आला नाही.

अंधार. ओढ्याचं पाणीसुद्धा ऐकू येईना. मागून कुणीतरी "मिस्त्री" म्हणेल, असं त्याला वाटलं. कुणी म्हणालं नाही. कुणी म्हणालं असतं तर बरं झालं असतं, असं तो मला म्हणाला.

नंतर त्याने निखाऱ्यावरून कंदील पेटवला आणि डाख दिला. दोनदा बोट भाजलं. पण दिला, पलटणीत देत होता तसा, ओढून तुटणार नाही असा. कटोरा बंद केला. दिवा पुन्हा लागला नाही. भिंतीला पाठ लावून तो कोंबडा आरवेपर्यंत बसून राहिला.

उजाडताना बनुबाईने डालगं उचललं. येसाजी पिशवी घेऊन उंबऱ्याशी उभा होता. त्याला निघायचं होतं. त्याचं काम झालं होतं, मुंबईच्या कारागिराला आता सात वेळा दिवा उघडू दे.

पिठात उंदराचं पाऊल नव्हतं, पाखराचंही नव्हतं. एक रेघ होती. दिव्यापासून निघून पिठाच्या कडेपर्यंत गेलेली, बारीक, सरळ.

"साप झाला गो माजा ल्योक," म्हातारी ऊर बडवायला लागली. "साप झाला!"

शेजारच्या बायका आल्या, त्यांनी हात जोडले. येसाजीला एक वाक्य बोलायचं होतं. फक्त एक. तो उंबऱ्यातच उभा राहिला. बाहेर रस्त्यावर मुंबईची एसटी थांबल्याचा आवाज आला.

चंद्रभागा रडली नाही. ती पिठावर वाकून बघत होती.

"मिस्त्री," ती मान न वळवता म्हणाली, "सापाची रेघ मदीच तुटती का हो?"

येसाजी उंबऱ्यातूनच वाकून बघायला लागला.

"येवडीच तुटलीया," ती म्हणाली, आणि पिठाला न शिवता तिने त्या रिकाम्या जागेवर आपली दोन बोटं धरून दाखवली.