फणसापाशी गेलेला पाऊण तास

फणस फोडायला बसताना हेमांगी देवरुखकर कपाळावरची ध्यानपट्टी काढायला विसरली. स्वतंत्रपणे काम करणारे सगळेच आता ती लावत. कामाचा आराखडा बघताना मेंदूत उठणारी स्पंदनं पट्टी ओळखून ठेवी. तीच स्पंदनं पुन्हा उठली की त्या कामाचं घड्याळ चालू होई. बिल त्यावरूनच निघे.

हेमांगी कृत्रिम हात बनवायची. सध्याचा हात रुखसाना काझींचा होता. रत्नागिरीत त्यांची छोटी बेकरी. कणीक मळायच्या यंत्रात डावा हात गेला होता. नव्या हातात अंडं धरलं, की एकतर फुटायचं नाहीतर निसटायचं. तीन आठवडे हेमांगी त्यापायी हैराण होती.

समोर सासूबाई तेल लावलेल्या बोटांनी गरे काढत होत्या. बघता बघता हेमांगीचा हात थांबला. सासूबाई गरा चिमटीत धरतच नव्हत्या. आधी करंगळी टेकवून तो किती मऊ आहे ते अजमावत, मग अंगठा अलगद मागून येई.

दुपारी तिने तशीच आज्ञावली लिहिली आणि रुखसानाबाईंच्या हातात घरबसल्या उतरवली.

संध्याकाळी बिल उघडलं, तर त्यात फणसापाशी गेलेला पाऊण तासही होता. तिने रुखसानाबाईंना फोन लावला.

"एवढा वेळ मी खोडते. तेव्हा मी घरचं काम करत होते."

"युक्ती तेव्हाच सुचली ना?"

"हो."

"मग राहू द्या, ताई. दीड वर्षाने आज लेकीचा केक मी स्वतः केला. सहा अंडी फोडली, एकाचंही टरफल आत पडलं नाही. बाकीचे तास कोणीही बसलं असतं. मला तुमचा तो पाऊण तासच हवा होता."

हेमांगीने त्यांचे आभार मानले. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली.

"आई, आजच्या कामात तुमचाही वेळ आहे. बिलात तुमचं नाव घालते. पाऊण तास."

सगळं ऐकून सासूबाईंचा चेहरा उजळला. त्या बेकरीवाल्या बाईचं नाव त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "पण पाऊण तास कसला गो? हा हात बसायला माझी पन्नास वर्षं गेली. तेव्हा कोण मोजत होतं?"

आवाजात तक्रार नव्हती. हेमांगीने त्यांचं नाव लिहिलं, 'सुलोचना देवरुखकर', आणि शेजारच्या वेळेच्या रकान्यापाशी ती अडली. तिथे आता काय लिहायचं?